भिंतीतला कोपरा

त्या राज्यात पाणी वरून खाली येत असे, आणि येताना वरच्यांचं सगळं घेऊन येत असे. वर टेकाडावर बगळे राहत. त्यांचं आंघोळीचं, खरकट्याचं, विष्ठेचं पाणी उतारावरून घरंगळत खाली घुशींच्या वस्तीत शिरायचं. घुशी तेच प्यायच्या, कारण दुसरं पाणीच नव्हतं. पुढे बगळे म्हणू लागले की घुशी मुळातच घाणेरड्या. आता यावर काय बोलणार?

सगुणी नावाची एक घूस होती. त्या पाण्यानं तिची तीन वेतं गेली होती. पिल्लं जन्मायची, चार घोट प्यायची आणि पोट फुगून मरायची. चौथ्यांदा ती पोटुशी राहिली, तेव्हा बिळात आनंद कुणालाच झाला नाही. तिचा नवरा हैबती एवढंच म्हणाला, "ह्या खेपेला पाणी बदलाय पायजे, सगुणे."

नेमक्या त्याच सुमारास बगळ्यांचा कारभारी धवलराव खाली उतरला. टेकाडाच्या पायथ्याशी सांडपाणी शुद्ध करणारा मोठा हौद बांधायचं ठरलं होतं. "वरची घाण हौदात अडेल, निर्मळ पाणी बाहेर पडेल. जो राबेल त्याला वाटा," तो म्हणाला. घुशी हरखल्या. हौदाची जागा म्हणजे त्यांचीच वस्ती, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा पाया निम्मा खणून झाला होता. स्वतःची बिळं स्वतःच उकरून त्या कडेच्या खडकाळीत राहायला गेल्या. वाटा मिळणार होता ना!

पाया झाला, तळ झाला. मग भिंतींची पाळी आली. दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून मधे लोखंडी गज उभे करायचे आणि वरून बगळ्यांनी मजुरीला आणलेल्या माकडांनी घमेल्यांनी काँक्रीटचा माल ओतायचा. पण नुसतं ओतून भागत नाही. आत हवा राहिली की पोकळी राहते. म्हणून फळ्यांच्या आत, गजांच्या मधे, एकेक घूस सोडलेली असे. तिनं पायानं माल तुडवायचा आणि माल चढेल तसं वर चढत यायचं. इतक्या अरुंद जागेत दुसरं कोण मावणार?

पहिली भिंत ओतताना धवलराव वरून वाकून बघत होता. त्याच्या पागोट्याचा तुरा निसटला आणि फळ्यांच्या आत पडला. लगेच काम थांबलं. माकडांनी घमेली खाली ठेवली. फळ्या सोडल्या, गज वाकवले, तुरा सापडला, धुतला, वाळवला, पुन्हा पागोट्यात खोवला. तोवर खालचा माल आळून दगड झाला होता. त्यावर नवा माल ओतला, तो त्याच्याशी एकजीव झालाच नाही. हौदात पाणी भरून पाहिलं, तर नेमकी त्या सांध्यातून धार लागली.

"घुशींची कामं ही अशी," धवलराव म्हणाला. "आणखी एकदा भिंत गळली तर हौदही नको आणि वाटाही नको."

भिंत फोडली. सगुणीच्या अंगाचा तिळपापड झाला. बगळ्याला बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून ती आपल्याच वस्तीवर कडाडली. "ऐका गं बायांनो, ऐका रं! माल वताय लागला की थांबायचं न्हाई. कुणी पडू दे, कुणी मरू दे. माझ्या पोटातल्यासाठी मागतीया मी." सगळ्यांनी मातीवर पंजा ठेवून शब्द दिला. हैबतीनं सगळ्यात आधी ठेवला. धवलरावाला हा बाणेदारपणा फारच आवडला. त्यानं सगुणीला मुकादम केलं.

नवी भिंत सकाळी सुरू झाली. सगुणी काठावर उभी राहून माल कुठं ओतायचा ते सांगत होती. कोपऱ्यात, जिथं गज सगळ्यात दाट असतात, तिथं हैबती उतरला होता. त्याचा तुडवण्याचा चबचब आवाज तिला ऐकू येत होता. मग तो थांबला.

"सगुणे, पाय अडकलाय गं गजात. जरा दम धराय सांग."

"लवकर काढा की मग," ती म्हणाली.

"निघंना. फळी सोडा इकडची."

माल त्याच्या पोटरीवर आला होता. सगुणी काठावरून आत वाकली. "थांबवा!" ती ओरडली. माकडांचे हात थबकले. सगळी धवलरावाकडे बघू लागली. धवलराव मात्र शांतपणे घुशींकडे बघत राहिला. शब्द त्याचा थोडाच होता?

म्हातारी चंपी पुढे आली. वस्तीत तिचा शब्द शेवटचा मानत. "सगुणे, तूच बोलली व्हतीस. तुझ्या एकलीच्याच पोटात लेकरू हाय का?" चंपीनं माकडांना मानेनं खूण केली आणि पुढचं घमेलं आत गेलं.

"आरं, तुऱ्यासाठी थांबला व्हता की रं!" हैबती आतून ओरडत होता. "तुऱ्यासाठी!"

सगुणीनं उडी टाकायला पाहिलं. तिच्या सख्ख्या बहिणींनी तिला धरून ठेवलं. त्यांनाही रडू फुटत होतं, पण पकड ढिली झाली नाही. माल हैबतीच्या छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला. शेवटी त्यानं फक्त तिचं नाव घेतलं, तेही अर्धंच.

"कोपरा तुडवायचा राहिलाय," चंपी हळूच म्हणाली. "पोकळी राहिली तर त्यो फुकट गेला म्हणायचा."

कुणीच पुढे होईना. बहिणींनी सगुणीला सोडलं. ती उतरली, आणि तिनं तो कोपरा नीट, न चुकता, शेवटपर्यंत तुडवला.

भिंत गळली नाही. पाणी भरून ठेवलं तरी बोटभरसुद्धा उतरलं नाही. मोठा समारंभ झाला. वरची घाण आता नळातून सरळ हौदात येऊ लागली. शुद्ध पाणी बाहेर काढायची मोरी पलीकडच्या अंगाला, बगळ्यांनी नव्यानं खोदलेल्या, पहारा बसवलेल्या तळ्यात सोडली होती. घुशींना वाटा मिळाला, नाही असं नाही. तळाशी साचलेला गाळ त्यांनी उपसून न्यावा, असं धवलरावानं जाहीर केलं. उतारावरून येणारं घाणेरडं पाणी होतं, तेही आता येईना.

उन्हाळा तापला. सगुणी व्याली, आणि तिच्या अंगावर दूध उतरेना. घशाला कोरड पडलेल्या घुशी हौदाच्या भिंतीला लागून रांगेनं फिरू लागल्या. कुठं चीर आहे का, कुठं ओल येते का, म्हणून जिभेनं भिंत चाचपू लागल्या. पलीकडून बगळ्यांच्या पिल्लांचं डुंबणं ऐकू येत होतं. सगुणी त्या कोपऱ्यापाशी आली. तिनं जीभ टेकवली, वरपासून खालपर्यंत भिंत चाटून पाहिली. ती कोरडी ठणठणीत होती. मग पाठीमागं ओरडणाऱ्या पिल्लांकडे न बघता तिनं तिथंच दात लावले आणि कुरतडायला सुरुवात केली.