दोराबरोबर विकलेला शब्द

ही गोष्ट खरी आहे. अगदी शपथेवर सांगतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. आता, घडली तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते, हा भाग वेगळा. पण डोळे एकाच घराण्यातले, तेव्हा त्यानं काही बिघडत नाही.

एका कड्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावात एक दोरवाला राहत होता. नाव हैबतशेट. दर बुधवारच्या बाजारात त्याचं दुकान लागे. त्याच्या दोरांपेक्षा त्याची जीभ लांब होती, आणि लोक दोर घ्यायला कमी, ती जीभ ऐकायला जास्त येत.

"या, या! हत्ती बांधा या दोरानं. हत्ती दमेल, दोर दमायचा नाही. आमच्या आजोबांनी यानंच एकदा पळता ढग ओढून शेतावर आणला होता!"

"मग तो ढग कुठल्या गोठ्यात बांधलाय, शेट?" असं म्हणून लोक हसत आणि बैलासाठी एखादं दावं घेऊन घरी जात. कुणी फसत नसे. हत्ती कुणाच्याच दारात नव्हता.

एका बुधवारी धाकू आला. धाकू मध काढणारा. कड्याच्या निम्म्या उंचीवर, खडकाच्या पोटाखाली, आग्या मोहोळं लटकलेली असत. दोराला लोंबकळत तिथवर उतरायचं, माशांना धूर द्यायचा आणि पोळी कापून टोपलीत घ्यायची, हे त्याचं काम. सोबत त्याच्या बायकोचा भाऊ बाळकू होता. या लोकांत एक रीत होती. कड्यावर दोर धरायचा तो बायकोच्या भावानंच. सख्ख्या भावालाही ते काम देत नसत. सख्ख्या भावाच्या मनात जमिनीचा वाटा येऊ शकतो. बायकोच्या भावाच्या मुठीत मात्र बहिणीचं कुंकू असतं.

हत्तीचं ऐकून धाकूही पोटभर हसला. मग हसायचा थांबला.

"शेट, हत्ती राहू द्या. या दोराला मी लोंबकळणार आहे. खाली दरी आहे आणि घरी पोरं लहान आहेत. दोर नवा आहे का? एकसंध आहे का? मधे जोड असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडं बघतो."

तो दोर हैबतशेटनं वळलेला नव्हता. एका वाटसरूकडून त्यानं तो वेटोळंच्या वेटोळं घेतला होता आणि कधी उलगडून पाहिला नव्हता. 'थांब, उलगडून बघतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ भरात होती.

"नवा! एकसंध! या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

हत्तीच्या वेळी जो आवाज होता, तोच आवाज. धाकूनं दोर खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकू शेटच्या दारात उभा. "चला शेट. नव्या दोराच्या पहिल्या उतरणीला दोर देणाऱ्यानं कड्यावर बसायचं असतं. मधाचा पहिला घासही त्याचाच."

मधाचं नाव ऐकून हैबतशेट लगेच निघाला.

कड्यावर पानही हलत नव्हतं. खालची झाडं शेवाळासारखी दिसत होती. खडकाच्या पोटातून माशांची घरघर येत होती. ती कानाला कमी आणि दातांना जास्त जाणवत होती. बाळकूनं दोराचं एक टोक उंबराच्या बुंध्याला बांधलं. दुसरं टोक धाकूनं कमरेला बांधलं, धुमसती गवताची पेंडी घेतली, "येतो" म्हणाला आणि कडेखाली गेला. मग तो दिसेनासा झाला. दिसत होता फक्त ताणलेला दोर.

बाळकू दगडाला टाचा रोवून दोर सोडत होता. जमिनीवरचं वेटोळं फेरा फेरा उलगडत होतं. हैबतशेट मधाच्या विचारात त्याकडं बघत होता. आणि त्याला ते दिसलं.

वेटोळ्यात एका जागी दोर जाड होता. त्याच्यावर दोर वळायचा नवा वाख गुंडाळला होता, जखमेवर चिंधी गुंडाळतात तसा. वाखाच्या फटीतून आतला दोर दिसत होता. काळा पडलेला, कुजलेला.

शेटचं मन म्हणालं, टिकेल. आजवर टिकलाय, मग आजच का नाही टिकणार? आत्ता बोललो तर बाजारातून उठलो. नाही बोललो आणि काही झालं नाही, तर कुणाला काय कळणार आहे?

आणखी एक फेरा उलगडला.

"बाळकू, वारा सुटलाय रे. दाजींना वर घे."

"वारा? पान हलत नाही, शेट."

"मग… माशा चिडल्यात वाटतं."

"अजून धूरही पोचला नाही त्यांच्यापर्यंत. आणि शेट, तुम्ही का घाबरताय? लोंबकळतायत ते आमचे दाजी!"

खालून धाकूचा आवाज आला, बारीक, विहिरीतून यावा तसा. "सोड! अजून सोड!"

जाड जागा जमिनीवरून उचलली गेली. आता ती बाळकूच्या हातात येणार, हातातून कडेवर जाणार, आणि मग एका माणसाचं सगळं वजन तिच्यावर.

हैबतशेट किंचाळला, "सोडू नको! जोड आहे! मधे जोड आहे!"

बाळकूनं एक शब्द विचारला नाही. जोड हातात यायच्या आत दोराचा कमरेला वळसा घेतला आणि मागं रेलला. शेटनंही दोर पकडला. दोघं ओढत राहिले. शेटच्या तळहाताची सालं निघाली. शेवटी कडेवर धाकूचं डोकं दिसलं, मग खांदे, आणि मग तो गवतावर पालथा पडला. बाळकूनं तो जोड दोन्ही हातांत धरून ओढला. भिजलेल्या भाकरीसारखा तो सुटून आला. आवाजसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी गाव पारावर जमलं. म्हातारे गोंदबा न्यायाला बसले.

हैबतशेट हात जोडून म्हणाला, "बाजारातलं बोलणं कोण मनावर घेतं, गोंदबा? मी हत्ती म्हणालो, ढग म्हणालो. त्याचा जाब कुणी विचारला? मग एवढ्या एकाच शब्दाला का धरता?"

धाकूची बायको ठमी उठली. "शेट, हत्तीला आम्ही हसलो, कारण तुम्हीही हसत होता. पण यांनी तुम्हाला स्वतःचा जीव दाखवून विचारलं. तुमचं 'एकसंध' ऐकलं नसतं, तर तो दोर घेतला असता का?"

"पण वहिनी, मला कुठं ठाऊक होतं? मी दोर उलगडलाच नव्हता!"

"मग 'ठाऊक नाही' म्हणायला काय झालं होतं?"

गोंदबा म्हणाले, "फुशारकीला आम्ही धरत नाही. ती बाजारची करमणूक. पण गिऱ्हाइकानं वस्तू कशाला हवी ते सांगून नेमकं विचारलं, तू नेमकं उत्तर दिलंस, आणि त्या उत्तराच्या भरवशावर त्यानं सौदा केला, की ते उत्तरही मालाबरोबर विकलं गेलं. दोर कुजका निघाला तसा तुझा शब्दही कुजका निघाला. दोर परत घे, किंमत परत दे. आणि धाकूच्या घरची चूल यंदा तू पेटती ठेवायचीस."

त्यानंतर कुणी 'मधे जोड आहे का' विचारलं, की हैबतशेट भर बाजारात अख्खा दोर उलगडायचा आणि डोळे मिटून बोटांमधून सरकवत न्यायचा. तेवढा वेळ तो एक शब्द बोलत नसे.

आता शपथ घेतलीच आहे, तर यातलं माझ्या पदरचं काय तेही सांगून टाकतो. मोहोळ, जोड, पार, ठमीचे प्रश्न, हे सगळं खरं. फक्त कड्यावरची ती किंकाळी मी घातली. ऐकायला लहान मुलं बसलेली असतात, म्हणून घालतो. हैबतशेट त्या सकाळी शेवटपर्यंत वाऱ्याबद्दलच बोलत राहिला, आणि वर आला तो नुसता तुटका दोर. आणि गोंदबांनी 'यंदा' म्हटलं नव्हतं. 'जन्मभर' म्हटलं होतं.

तात्पर्य: विकणाऱ्याची फुशारकी हसण्यावारी जाते, पण समोरच्यानं गरज सांगून विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर हे वचन असतं, म्हणून माहीत असेल तेवढंच सांगावं, आणि माहीत नसेल तर तसं वेळेवर सांगावं.