मुलांच्या हाताला न येणारं पाणी

हा तो झरा. दोन काळ्या खडकांच्या फटीत हातभर रुंद पाणी आणि वर हे मापूचं झाड, तीन माणसांच्या कवेत न येणारं. वाटेत तुम्हाला पन्नाशीचा एक जाडजूड माणूस दिसला असेल, डोक्यावर बादली घेऊन धापा टाकत चढणारा, आणि त्याची नात रिकाम्या हातांनी पुढे उड्या मारत जाणारी. तुम्ही हसलात, मी पाहिलं. हसा, खालच्या गावचेही हसतात. हैतीच्या डोंगरात पोर चालू लागलं की त्याच्या डोक्यावर पाणी चढतं. आधी वाटी, मग भोपळ्याचा तुंबा, मग बादली. आमच्या मोर्न-सेशमध्ये मात्र पाणी मोठ्यांनीच आणायचं. बाहेरून येणारे म्हणतात, काय माया आहे या गावाची लेकरांवर. मी त्यांना या दगडावर बसवतो आणि सांगतो, आधी ऐकून घ्या.

मला इथे तोंतों ओरेस्त म्हणतात, तोंतों म्हणजे काका. ही हकीकत मला माझ्या आजीने, रोझिलियाने सांगितली. ती स्वतः त्यात होती. काही भाग ती गाळायची, तो शेजारच्यांनी मला न विचारता सांगितला.

या झऱ्याच्या तळाशी पाण्याची मालकीण राहते, अशी इथली जुनी समजूत. एकट्या आलेल्या पोराला ती आत ओढून नेते, वर्षानुवर्षं आपल्या घरी ठेवून कामं करून घेते आणि मर्जी झाली तर परत पाठवते. परत आलेल्याला झाडपाल्याची विद्या येते म्हणे. पण पहिले सात दिवस त्याला कुणी पाणी द्यायचं नाही. दिलं, तर मालकीण त्या घरातलं दुसरं मूल बदल्यात नेते. हे मीही लहानपणी ऐकलं आणि खरं मानलं.

रोझिलियाच्या आईचं नाव क्लेरसिना. नवरा ऊस तोडायला सरहद्दीपलीकडे गेला, तो गेलाच. पदरी तीन मुली. सेलिमेन आठ वर्षांची, रोझिलिया पाचची आणि एक कडेवरची. आमच्याकडे चार-पाच झोपड्या मिळून एक अंगण असतं, त्याला लाकू म्हणतात. तिथे चुली वेगळ्या, पण भांडणं आणि निर्णय सगळ्यांचे. शेतंही अशीच एकमेकांची करायची. ढोल वाजतो, वीस कुदळी एका ओळीत पडतात, आज तुझं रान, उद्या माझं. याला कोंबित म्हणतात. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्यात एक खोट आहे. वीस जणांनी मिळून ओढलेल्या सरींत वाकडी सरी कुणाची, हे कधी सापडत नाही.

त्या साली ज्वारी कणसातच करपली. तशात बंदराच्या शहरातून एक मादाम खेचरावर बसून आली. तिला घरकामाला हाताशी मुलगी हवी होती. खायला घालीन, शाळेत घालीन, म्हणाली. अशी दिलेली मुलं आमच्या देशात पूर्वीपासून आहेत, आम्ही त्यांना रेस्तावेक म्हणतो. क्लेरसिनाने लगेच हो म्हटलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. लोक कोंबितवरून परतले होते, कुदळी अजून हातात होत्या. ती सगळ्यांपुढे जाऊन बसली. एक म्हणाला, पोर चार अक्षरं शिकेल. दुसरी म्हणाली, घरातलं एक तोंड कमी होईल. लाकूतला सगळ्यांत म्हातारा नेरेस्तां म्हणाला, "आपण सगळे मिळून ठरवतोय ना? मग तू एकटी कशाला रडतेस?"

सकाळी सेलिमेन खेचरामागून चालत गेली. हातात कसाव्याची भाकरी होती, ती तिने खाल्ली नव्हती. रोझिलिया तेव्हा झोपेत होती.

मग ती रोज विचारू लागली, सेलिमेन कुठे आहे? चार दिवस क्लेरसिनाने मारून पाहिलं. पाचव्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "पाण्याने नेली."

शेजारणीने ते ऐकलं आणि मान डोलावली. सोयीच्या खोट्याला पाय लवकर फुटतात. त्या आणि पुढच्या वर्षी गावातून आणखी सहा मुलं शहरात गेली, आणि ती सहाही पाण्याने नेली. शनिवारी आया झऱ्यावर भात आणि घेवडा ठेवू लागल्या. रडणं झालं, गाणी झाली, नेरेस्तांने कोंबडा वाहिला. सोपं पडलं असणार त्यांना. पाण्यात गेलेल्या पोराला जेवायला मिळतं का, हे बघायला कुणाला शहरात जावं लागत नाही.

लहान मुलं मात्र येता-जाता झऱ्यात वाकून बघायची. खाली मालकिणीकडे पोटभर मिळत असेल, असं त्यांना वाटायचं. रोझिलियाने एकदा पाण्याला विचारलंही होतं, मला पण नेशील का? हे सांगताना ती हसायची, आणि मला तिच्या हसण्याचा राग यायचा.

चार वर्षं गेली. एका भर दुपारी वरच्या वाटेने एक मुलगी लाकूत आली. तीन दिवस चालून आली होती. पायांना चिंध्या बांधलेल्या, केस मुळापासून कापलेले, डाव्या दंडावर इस्त्रीच्या टोकाचा डाग. पोरं तिला ओळखून किंचाळत घरांत शिरली. पाण्यात गेलेली परत आली, एवढंच त्यांना समजलं. त्यांचा काय दोष, त्यांना तेच शिकवलं होतं.

मोठी माणसं जमली. त्यांतल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं. पण सेलिमेन शहरातून आली असेल तर बाकीची सहाही शहरातच होती, आणि त्यांच्याही दंडांवर काय असेल ते दिसत होतं. त्या सहांच्या आया तिथे उभ्या होत्या.

सेलिमेन दाराशी थांबली. "आई, मी आले. पाणी दे."

क्लेरसिना उठली. तिने तुंबा उचलला, तो माठाच्या तोंडापर्यंत नेला, असं सांगतात. तेवढ्यात नेरेस्तां हलक्या आवाजात म्हणाला, "क्लेरसिना, घरात अजून दोघी आहेत."

तिने तुंबा खाली ठेवला. "माझी सेलिमेन पाण्यात आहे," ती म्हणाली.

"मी मादामकडे होते. तूच पाठवलंस."

त्या सहा आयांतली एक वळून आपल्या घरात गेली.

"तिथे रोज मीच पाणी भरते, आई. सगळ्या घराचं. मला एक तुंबा दे, मग मी बाहेर झोपेन."

क्लेरसिनाने भिंतीकडे तोंड केलं. मला त्या बाईची कीव येते आणि संतापही येतो, आणि माझ्या अंगात तिचंच रक्त आहे.

सेलिमेन वळली आणि झऱ्याकडे जाणारी ही वाट उतरू लागली. तिला कुणी अडवलं नाही, कुणी सोबतही गेलं नाही. रोझिलिया कणगीमागे लपली होती. तिला भीती वाटत होती, पण आवाज तिने ओळखला होता. आईची पाठ बघून तिने तुंबा भरला आणि धावत सुटली. अर्धं पाणी वाटेत सांडलं. ती इथे पोचली तेव्हा ओल्या मातीत पावलं उमटलेली होती. पावलं पाण्यापर्यंत गेली होती आणि परत फिरली नव्हती. तिने दोनदा हाक मारली, मग उरलेलं पाणी इथेच ओतलं. संध्याकाळपर्यंत माणसांनी काठ्या घालून तळ चाचपला. झरा कमरेइतका खोल, तरी काही हाती लागलं नाही. गाव चार वर्षं जे खोटं सांगत होतं ते पाण्याने खरं करून दिलं, असं म्हणतात.

दुसऱ्या सकाळी मुलं नेहमीसारखी तुंबे घेऊन आली. तुंबा टेकला की पाणी खाली जाई, मूल मागे सरलं की पुन्हा वर येई. मोठ्या माणसाने बुडवला की मुकाट भरे. लोकांनी पोरांना मारून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. नेरेस्तांने सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. स्वतःच्या नावाने त्याने मागितली नाही, आणि पाण्याने ती ऐकली नाही. तिसऱ्या दिवशी क्लेरसिना माठ घेऊन उतरली. मग ती मरेपर्यंत रोज उतरली, स्वतःच्या घरचं आणि त्या सहा घरांचं पाणी भरत राहिली. या झऱ्याचा घोट मात्र तिने कधी घेतला नाही म्हणे, पावसाचं साठवलेलं प्यायची.

आजही इथे मूल पाण्याला भांडं लावत नाही. लावलं तर पाणी खरंच खाली जातं का, हे मला माहीत नाही, कारण लावू कुणी देत नाही. आजही कुठलं मूल कुठल्याही वाटेने गावात आलं, तर नाव विचारायच्या आधी त्याला पाणी द्यायचं, अशी रीत आहे. छान रीत आहे. तुमच्यासारखे लोक ती वहीत लिहून नेतात.

पण वर तिठ्यावर शनिवारी ट्रक थांबतो, तोही लिहा. माझी नात मिर्लांद, आठ वर्षांची, गेल्या ऑक्टोबरात त्या ट्रकने शहरात गेली. लाकूत सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी तिथेच बसलो होतो आणि मीही मान डोलावली. माझ्या घरी तिने पाण्याची वाटी उचलली नव्हती. तिथे ती तीन मजले बादल्या चढवते, असं ट्रकवाला सांगत होता. धाकटी बहीण विचारते, तेव्हा मी सांगतो की ती शाळेत गेली आहे.

मी दुपारभर दारात भरलेला माठ घेऊन बसतो. पोर पळून आलीच, तर वरच्या वाटेने येईल आणि माझ्याकडेच पाणी मागेल. तेव्हा अंगणात सगळे जमलेले असतील, ज्यांची पोरं गेली आहेत तेही असतील, आणि सगळे माझ्या हाताकडे बघत असतील. तो हात माठापर्यंत जाईलच, असं मला तुम्हाला शपथेवर सांगता येत नाही.