भिवा सुताराचा चौथा पाय

ही गोष्ट मी आजोळी ऐकली, की कुणाकुणाच्या तोंडून ऐकलेली मनातच जुळवली, हे आता खात्रीने सांगता येत नाही. काही चुकलं तर दोष माझा, भिवा सुताराचा नव्हे.

फार वर्षांमागे घाटाखालच्या शिरवणवाडीत ठकू नावाची बाई होती. साप चावला आणि तिचा एक पाय गुडघ्यापासून कापावा लागला. घरी एकटी, भाताचं एकच खाचर. लावणी झाली नाही तर वर्षभर चूल थंड. भिवाने तिला आंब्याच्या लाकडाचा पाय करून दिला. अंगणात ती छान चालली, गाव खूश झालं. खाचरात मात्र पाय रुतला, मोडला आणि ठकू तोंडावर पडली.

बांधावर बसून चिखल पुसत ती म्हणाली, "भिवादा, अंगणात तर मडकंही उभं राहतं. चिखलात तू चालून बघ."

भिवाला ते लागलं. असं म्हणतात, त्याने आपला धडधाकट पाय गुडघ्यात मुडपून करकचून बांधला, त्याखाली लाकडी पाय चढवला आणि खाचरात उतरला. सागाचा पाय जड, तो रुतून बसला. सावरीचा हलका, तो पिचला. मग भिवा दिवसभर म्हशींच्या मागे फिरला. खूर चिखलात टेकला की फाकतो, उपसताना मिटतो, हे त्याने पाहिलं. चौथा पाय त्याने शिवणीच्या लाकडाचा केला, दुभंगलेल्या तळव्याचा.

पंधरा दिवस त्याने तो सोडला नाही, निजतानाही नाही. गावची सारी खाचरं तो तुडवून आला. म्हशी बाजूला होऊन त्याला वाट देत, असं म्हणतात. मग तसाच पाय त्याने ठकूला दिला. तिची रोपं पिवळी पडू लागली होती, तरी त्या वर्षी तिचंच भात सर्वांत उंच वाढलं.

भिवाने आपली दोरी सोडली, तर गुडघा उलगडेना. लोक हळहळले. तो म्हणाला, "बरं झालं. आता मापाला माणूस शोधायला नको." पुढे जन्मभर तो त्याच पायावर चालला.

आजही त्या गावात कुणासाठी नवा पाय आला, की तो करणाऱ्याने आधी गुडघा बांधून चिखलात सात पावलं टाकायची. मग तो शहरातला कितीही मोठा माणूस असो.

गुडघ्याचं मला कधी खरं वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर शिरवणवाडीत गेलो, तेव्हा गुरवाने भिवाच्या मागे देवळाच्या तुळईवर जपून ठेवलेला तो चौथा पाय खाली काढून दिला. मी वरच्या खोबणीत हात घातला. आत मुडपलेल्या गुडघ्याएवढा वाटोळा खळगा होता, घासून घासून गुळगुळीत झालेला.