रविवारचा आवाज

"पण साहेब, मग आवाज येतो कुठून?"

डॉक्टर मुजावर चहा पीत राहिले.

विचारणारा अभिनंदन मगदूम. मलकापुरात त्याचं हार्डवेअरचं दुकान. वडील गेल्यावर त्यांची जुनी फोर-व्हील जीप परड्यात गंजत पडली होती. ती अभिनंदननं स्वतःच्या हातानं उभी केली. शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो जीपखाली शिरायचा आणि रविवारी तीच जीप काढून घरच्यांना रानात घेऊन जायचा. त्यात सहसा खंड पडत नसे.

डॉक्टर गुरांचे. नोकरीची सगळी वर्षं अशाच एका जीपमधून वाड्यावस्त्यांवर फिरलेले. गिअरबॉक्स कसा उतरवायचा, उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी कशी सोडायची, हे अभिनंदन त्यांच्याकडूनच शिकला. चारचौघांत तो त्यांना गुरू म्हणायचा. मात्र गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यानं त्यांना काहीच विचारलं नव्हतं. आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्याला वाटत होतं.

"कसा आवाज?"

"टक… टकटक. लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखा. मागनं येतो."

"कधी?"

"रविवारी. चढावर."

"शनिवारी?"

"नाही. एकटा असलो की नाही. त्याच चढावर घातली, दगड भरून घातली… गप्प."

"काय काय बघितलंस?"

"सगळं. स्प्रिंगचे पाटे उतरवले. बुश बदलले. मागचा अ‍ॅक्सल खोलला. वरच्या ताडपत्री हुडाच्या पाइपांचे बोल्टसुद्धा आवळले." अभिनंदनच्या आवाजात थोडी चीड होती. "माझ्या गाडीत असला आवाज राहूच शकत नाही, साहेब."

डॉक्टर उठले. गाडीभोवती फिरले. दार उघडून लावलं. ते पुस्तक मिटावं तसं अलगद बसलं. बॉनेट उचललं. इंजिनवर हात ठेवला, बोटं पाहिली. तेलाचा डाग नव्हता.

"चालू कर."

जीप चालू झाली. डॉक्टर डोळे मिटून बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"एवढ्या जुन्या गाडीचं इतकं शांत इंजिन मी ऐकलेलं नाही," ते म्हणाले.

अभिनंदनला बरं वाटलं. पण उत्तर मिळालं नव्हतं.

"मग आवाज?"

"उद्या येतो तुमच्याबरोबर."

रविवारी सकाळी धपाटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मंडळी निघाली. पुढं अभिनंदन आणि त्याची बायको त्रिशला. मागं समोरासमोरच्या बाकांवर एका बाजूला आई आणि नात चिन्मयी. डॉक्टर पुढं न येता मागं चढले आणि आईंच्या समोर बसले.

"साहेब, पुढं या की. इथनं सगळं कळतंय."

"असू दे."

गावाबाहेर पडल्यावर आई खुलल्या. कुठल्या वळणावर मालकांनी गाडी थांबवून करवंदं तोडली होती, कुठल्या ओढ्यात त्यांची चप्पल वाहून गेली होती, हे त्या डॉक्टरांना सांगत होत्या. चिन्मयीला त्या गोष्टी पाठ होत्या. आजी एखादी विसरली की ती मध्येच आठवण करून द्यायची.

मग डांबर संपलं आणि पठाराकडं जाणारी तांबड्या मातीची वाट लागली. डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी. अभिनंदननं चारही चाकं जोडली. हा त्याचा आवडता चढ. इथं त्याला गाडी दाखवायची असायची. दगड चुकवायचे नाहीत, दगडांवरून जायचं. कडेनं जायचं, अगदी कडेनं. चाकाखालची माती दरीत घरंगळली तरी गाडी हलता कामा नये.

गाडी हलली नाही. चढत राहिली.

टक… टकटक.

"ऐकलंत?" अभिनंदन ओरडून म्हणाला.

"ऐकलं."

"कुठनं?"

"चालव."

वर पोचल्यावर त्यानं गाडी उभी केली आणि टॉर्च घेऊन तडक खाली शिरला. त्रिशलानं डबा काढला, तोही त्यानं पाहिला नाही. बराच वेळ पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"अभिनंदन, बाहेर ये."

तो आला. केसांत माती.

"किल्ली दे," डॉक्टर म्हणाले. "तू मागं बस. मी तोच चढ पुन्हा घेतो. तू घेतोस तसाच."

ही गाडी अभिनंदननं आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

"साहेब… क्लच जरा…"

डॉक्टर हात पुढं करून उभे होते.

त्यानं किल्ली दिली.

सगळे पुन्हा गाडीत बसले, त्रिशला पुढं. डॉक्टर गाडी खाली घेऊन गेले, सपाटीवर वळवली आणि चढाला लावली. अभिनंदन आईसमोरच्या बाकावर बसला होता. या बाकाचं रेक्झिन त्यानंच शिवून घेतलं होतं. बसला मात्र आज पहिल्यांदा. इथून पुढचा रस्ता दिसत नव्हता. मागच्या उघड्या बाजूनं फक्त दरी दिसत होती… आणि ती खोल होत चालली होती.

डॉक्टरांनी गाडी दगडावर घातली. मग कडेनं घेतली, अगदी कडेनं.

टक…

अभिनंदन वाकला. बाकाखाली कान लावला. तिथं काही नव्हतं.

टकटक.

त्यानं वर पाहिलं.

आईचे डोळे गच्च मिटलेले होते. डाव्या हाताची मिठी चिन्मयीभोवती. उजव्या हातानं हुडाचा पाइप धरलेला, बोटं पांढरी पडेपर्यंत. हात थरथरत होता. मनगटातली पाटली पाइपावर वाजत होती.

टक… टकटक.

अभिनंदननं हात पुढं केला आणि आईच्या हातावर ठेवला.

आवाज थांबला.

डॉक्टरांनीही गाडी थांबवली. मागं वळून पाहिलं नाही.

इंजिन बंद झाल्यावर रानातला वारा ऐकू येऊ लागला.

"आई… कधी बोलली का नाहीस?"

आईंनी डोळे उघडले. आपला हात, त्यावरचा मुलाचा हात, दोन्हींकडं पाहिलं. मग कळलं. त्या ओशाळल्या.

"माझं काय एवढं… चढ तर तेवढाच असतोय."

"भीती वाटते तर येतेस कशाला?"

"रविवारची वाट तर मीच बघत असते रे. तू किती जिवापाड केलीस ही गाडी. तुझे बाबा असते तर गावभर दाखवत फिरले असते. आणि मी घाबरते म्हटलं असतं, तर तू मला घरी ठेवलं असतंस."

चिन्मयी एकदा आजीकडं, एकदा बापाकडं बघत होती.

डॉक्टर उतरले, त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. त्रिशला मुलीजवळ मागं गेली, आई पुढं आल्या. डॉक्टर पुन्हा आपल्या मागच्या बाकावर.

उरलेला चढ अभिनंदननं डोंगराच्या अंगानं घेतला. दगड आला की थांबायचा, आईकडं बघायचा, मग चाक हळूच वर चढवायचा. एका वळणावर आईंनी आपणहून दरीकडं बोट केलं आणि खालचं धरण चिन्मयीला दाखवलं.

पठारावर सगळे जेवले. धपाटी गार झाली होती, पण छान लागली.

नंतर अभिनंदन डॉक्टरांजवळ येऊन बसला. त्याची मान खाली होती.

"साहेब, इतके शनिवार गेले. बोल्टन् बोल्ट आवळला, कुठं कसला आवाज ठेवला नाही… आणि सगळं फुकट. दोष गाडीत नव्हताच."

डॉक्टरांनी जीपकडं पाहिलं. उन्हात तिचा हिरवा रंग झळकत होता. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"फुकट?" ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या जीपमध्ये हा आवाज ऐकूच आला नसता."