वाट विसरलेला धनेश

सह्याद्रीच्या एका दाट रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका जुन्या सातविणीच्या ढोलीत धनेश पक्ष्याचे एक जोडपे दर उन्हाळ्यात घर मांडत असे. धनेशांची रीत जगावेगळी असते, मुलांनो. अंडे घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवते. मग तिच्या पंखांतली पिसे गळून पडतात. पिल्लू मोठे होईपर्यंत तिला उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. नराने फळे आणून त्या फटीतून दिली, तर मायलेकरे जगतात. नाही आणली, तर नाही.

आपल्या गोष्टीतल्या धनेशिणीला याची कधी भीती वाटली नव्हती. तिचा धनेश साऱ्या रानात नावाजलेला होता. कोणता उंबर कधी पिकतो, कोणत्या झाडाने यंदा फळ धरले नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात पक्के असे. हरियल आणि बुलबुल मुद्दाम वाट वाकडी करून त्याला विचारायला येत. तोही नुसते सांगून मोकळा होत नसे. सोबत उडत जाऊन झाड दाखवून येई. बारा उन्हाळे धनेशीण त्या ढोलीत बसली होती आणि बारा उन्हाळ्यांत एकदाही उपाशी झोपली नव्हती.

तेराव्या उन्हाळ्यात मात्र काहीतरी बिनसले. सुरुवात अगदी किरकोळ होती. एके सकाळी धनेशाने पाच उंबरे भरवली, उडून गेला आणि जरा वेळाने परत आला.

"उशीर झाला बघ आज," तो म्हणाला. "भूक लागली असेल तुला."

"अहो, आत्ताच तर देऊन गेलात," ती हसून म्हणाली.

"मी?" त्याने फटीत डोकावून पाहिले. "हो, हो. दिली होती."

वय झाले की असे व्हायचेच, असे म्हणून तिने ते सोडून दिले. आपण नाही का कधी डबा शाळेतच विसरून येत? तसेच हे, असे तिला वाटले. पण हा विसर तसा नव्हता. आठवड्याभरात तो रिकाम्या चोचीने येऊ लागला. आपण फळे आणायला निघालो होतो, हेच त्याच्या ध्यानात नसे. आणि एका दुपारी तो फटीसमोर येऊन बसला, मान तिरकी करून आत पाहू लागला आणि अगदी अदबीने म्हणाला, "आत कोण आहे?"

धनेशीण फटीजवळ सरकली.

"मी आहे," ती म्हणाली.

"मी म्हणजे कोण?"

"मी. तुमच्या घरातली."

"असं होय," तो म्हणाला आणि समाधान झाल्यासारखा पिसे साफ करू लागला. थोड्या वेळाने त्याला सगळे आठवले. आठवले तसा तो ओशाळला. "अगं, मला काय होतंय?" त्याने हळूच विचारले. तिला बाहेर काढता येईल अशी एक चोचच काय ती होती. ती तिने त्याच्या चोचीला टेकवली आणि दोघेही बराच वेळ तसेच राहिले.

त्याच सातविणीच्या शेंड्याकडे तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार राहत होती. अशा खारीला आपण शेकरू म्हणतो. दुसऱ्या दिवशी ती फटीपाशी उतरून आली.

"वहिनी, भाऊजींना बरं नाही का?" तिने विचारले. "काल ओढ्यापाशी एकटेच बसले होते. मी हाक मारली, तर ओळख दिली नाही."

"त्यांना काही झालेलं नाही," धनेशीण ताडकन म्हणाली. "उन्हाचा त्रास होतो. तुम्ही तुमच्या घरात लक्ष घाला."

खार शेपटी आवरून वर निघून गेली. धनेशिणीला आपलेच शब्द टोचले, पण ते तिने मागे घेतले नाहीत. ज्याला सारे रान वाट विचारत होते, त्याच्याविषयी कुणी कुजबुजावे, हे तिला सोसणार नव्हते. म्हणून हे दुःखही तिने ढोलीच्या दारासारखे आतून लिंपून घेतले.

तिने स्वतःच एक उपाय शोधला. रोज सकाळी धनेश निघायच्या आधी ती त्याच्याकडून वाट म्हणवून घेऊ लागली.

"अहो, इथून निघालात की आधी काय लागतं?"

"करवंदीची जाळी."

"मग?"

"मग वाकडा बेहडा."

"त्याच्या पुढे?"

"ओढ्याचा डोह. डोहाच्या काठावर उंबर."

"आणि परत येताना?"

"उंबर, डोह, वाकडा बेहडा, करवंदीची जाळी, तू."

तो शेवटचा शब्द ऐकण्यासाठी ती रोज दोन-दोनदा विचारी. कधी ती मधलेच झाड गाळून "काय राहिलं?" म्हणे. कधी आदल्या दिवशी कोण कोण भेटले, ते सांगायला लावी. तोही नेटाने डोके चालवी. कधी चिडे, कधी थकून गप्प बसे, पण पुन्हा सुरुवात करी. गेलेले परत आले नाही. उरले होते ते मात्र घट्ट झाले. अठरा दिवस तो एकदाही चुकला नाही. त्याच दिवसांत अंडे फुटून पिल्लू बाहेर आले आणि आत दोन तोंडे झाली.

पण धनेशीण मनाने फार एकटी पडली होती. दिवसभर आत काळोख असे. फटीतून दिसे ती आभाळाची पानाएवढ्या रुंदीची पट्टी. धनेश येताना त्याच्या पंखांचा घरघर आवाज लांबूनच कळतो. पूर्वी तो आवाज ऐकला की तिचे वाट बघणे संपत असे. आता तो समोर येऊन बसला तरी संपत नसे. आलेला धनेश आपला आहे की आपल्याला न ओळखणारा, हे त्याने तोंड उघडेपर्यंत तिला कळत नसे. आणि हे कुणाला सांगावे, तर तिने स्वतःच सगळ्यांना दूर केले होते.

वैशाखात एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. लांब कुठेतरी एक झाड कडाडून पडल्याचे तिने ऐकले. पडला होता तो वाकडा बेहडा, पण हे तिला ढोलीत बसून कसे कळणार? दुसऱ्या दिवशी सकाळी धनेशाने सगळी वाट बिनचूक म्हणून दाखवली आणि तो उडाला. करवंदीच्या जाळीपुढे त्याला बेहडा दिसला नाही. तिथून पुढची सारी वाटच त्याच्या मनातून पुसली गेली.

त्या दिवशी तो परतला नाही. दुसऱ्या दिवशीही परतला नाही. पिल्लू भुकेने ओरडत राहिले. धनेशिणीने दोनदा लिंपणावर चोच ठेवली, ते फोडायचे म्हणून. पण फोडून करणार काय? पंखांत पिसे नव्हती. आणि दार उघडे पडले असते, तर साप-घोरपडींपासून पिल्लाला कोण वाचवणार होते? खारीला हाक मारावी, असे तिला कितीदा वाटले. पण त्या दिवशीचे आपले बोलणे आठवले की ती बाहेर काढलेली चोच पुन्हा आत ओढून घेई.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने ओरडायचे थांबवले. तेव्हा तिने हाक मारली.

"ताई," ती म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले. ह्यांना काही आठवत नाही. दोन दिवस झाले, घरी आलेले नाहीत. पिल्लाच्या अंगात त्राण राहिलेलं नाही."

खार तरातरा खाली उतरली. "ठाऊक आहे, वहिनी," ती म्हणाली. "साऱ्या रानाला ठाऊक आहे. तुम्ही हाक माराल म्हणून आम्ही थांबलो होतो." मग जरा अडखळून ती म्हणाली, "थांबायला नको होतं."

जवळची चार करवंदे तोडून तिने फटीतून आत दिली आणि ती निघाली. वाटेत हरियलांचा थवा भेटला. धनेशाला दोन डोंगर पलीकडे पाहिल्याचे त्यांनी सांगितले. फांदीवरून फांदीवर उड्या घेत खार तिथे पोचली.

एका वठलेल्या झाडाच्या ढोलीपाशी धनेश बसला होता. ढोली जुनी होती, रिकामी होती, तिला दारही नव्हते. धनेश तिच्यात एकेक उंबर टाकत होता. खारीने डोकावून पाहिले. आत उंबरांचा खच पडला होता. वरची ताजी होती, खालची आंबून गेली होती. दोन दिवस तो एकसारखा फळे आणत होता. फळे आणायला तो विसरलाच नव्हता. कुणाला द्यायची, एवढेच विसरला होता.

"भाऊजी, इथं कुणी राहत नाही," खार म्हणाली.

"हळू बोल," तो म्हणाला. "आई आत आहे. कशावर रागावली आहे कोण जाणे, खातच नाही."

खारीच्या ध्यानात आले की तो याच ढोलीत जन्मलेला असणार. इथे वाद घालून उपयोग नव्हता. वाद घातला असता, तर तो घाबरला असता किंवा चिडला असता. ती थोडा वेळ त्याच्याशेजारी नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, मी वाट चुकलेय. मला सातविणीपर्यंत सोडाल का?"

धनेशाची मान ताठ झाली. इतक्या दिवसांत त्याला कुणी असे विचारले नव्हते.

"त्यात काय मोठंसं," तो म्हणाला. "चल."

"वाटेत लागतील, थोडी उंबरं घेऊ या."

त्याने गळ्यातल्या पिशवीत मावतील तेवढी फळे भरून घेतली. मग जिथे वाट फुटे तिथे खार अर्धी फांदी पुढे जाई आणि वळून विचारी, "इकडूनच ना?" धनेश ठामपणे म्हणे, "इकडूनच." असे करत दोघे दोन डोंगर ओलांडून आले.

धनेशिणीने पंखांचा आवाज ऐकला. तिने फटीतून चोच बाहेर काढली. तो काय बोलतो, याची ती वाट पाहू लागली.

धनेशाने त्या चोचीकडे पाहिले. "ही ढोली कुणाची?" त्याने खारीला विचारले.

"माझ्या ओळखीच्या वहिनींची," खार म्हणाली. "आत लहान पिल्लू आहे. त्याचे वडील वाट चुकलेत."

"अरेरे," धनेश म्हणाला. "मग आपण बघायला हवं." आणि पुढे सरकून त्याने एकेक उंबर त्या चोचीत ठेवायला सुरुवात केली.

धनेशिणीने ती फळे घेतली. बारा उन्हाळे हक्काने घेतलेला घास आज तिने परक्याची दया म्हणून घेतला आणि पिल्लाच्या तोंडात पिळला. तिसऱ्या फळाला पिल्लाने गिळले. पाचव्याला ते बारीक आवाजात ओरडले.

"फार उपकार झाले," ती कशीबशी म्हणाली.

"उपकार कसले, वहिनी," धनेश म्हणाला. "पुन्हा येईन मी."

तो उडून गेल्यावर ती काळोखात पिल्लावर पंख ठेवून बसून राहिली. पंखांत पिसे नव्हती, तरी ठेवले.

त्यानंतर तिने काही झाकून ठेवले नाही. सकाळी खार धनेशाबरोबर जाई, दुपारी हरियल जात आणि कुणी नसले तर बुलबुल पुढे उडे. कुणीही त्याला "तुम्ही विसरलात" म्हणत नसे. सगळे त्यालाच वाट विचारत. धनेशिणीने रोजची उजळणीही सोडली नाही. बेहड्याच्या जागी आता पडलेला बेहडा होता, खारीकडून कळल्यावर तोही तिने त्याला पाठ करायला लावला. कधी शेवटचा शब्द "तू" असा येई. कधी नुसताच "ढोली" येई. कधी काहीच येत नसे. तरी त्या उन्हाळ्यात आणखी एकही दिवस पिल्लू उपाशी राहिले नाही.

ज्येष्ठ लागला तेव्हा धनेशिणीच्या पंखांत नवी पिसे भरली होती. तिने लिंपण फोडले आणि ती बाहेर आली. पाठोपाठ पिल्लूही आले. फांदीवर डुलत उभे राहिले, पडता पडता सावरले आणि ओढा ओलांडून पलीकडच्या झाडावर जाऊन परत आले. ती मुलगी होती.

धनेश ते पाहत होता. "कुणाची गं तू?" त्याने विचारले.

"तुमचीच, बाबा," पिल्लू म्हणाले.

"हो का?" तो म्हणाला. "छान उडतेस."

ऊन उतरल्यावर तिघे एकाच फांदीवर बसले. धनेशीण त्याच्याजवळ सरकली. नव्या पाहुण्याला द्यावी तशी त्याने बाजूला होऊन तिला जागा करून दिली. ती त्या जागेवर बसली.

तात्पर्य : मन रोज कामाला लावावे, म्हणजे आठवण अधिक दिवस साथ देते; पण घरातल्या कुणाची आठवण जाऊ लागली, तर ते लपवून एकट्याने सोसत बसू नये, वेळीच हाक मारावी.