दोन गुंजांची भुतं

“ही भुतं आहेत की बाजाराला निघालेली बिऱ्हाडं?” रायाजीराजे गरजले आणि त्यांनी नव्या गंजिफाची पानं भिरकावली. लाखेची गोल पानं घरंगळत दरबारभर पसरली. एक हडळ तर थेट दिवाण त्र्यंबकपंतांच्या मांडीवर जाऊन बसली!

बुधाजी चितारी मान खाली घालून उभा राहिला. सहा महिने डोळे फोडून त्यानं ही पानं रंगवली होती. शेजारी त्याची लेक आवडी रिकामा डबा छातीशी धरून उभी होती.

राजांना रक्तगंजिफाचं भारी वेड होतं. या खेळात प्रत्येकाला तीस लाल गुंजांची पिशवी मिळे. एक गुंज म्हणजे रक्ताचा एक थेंब. पानांवरची भुतं झोपलेली असत. त्यांना उठवायचं तर आपल्याच पिशवीतलं रक्त पाजायचं, एका पाळीला चार थेंबच! उठलेलं भूत पुढच्या पाळीपासून समोरच्याचं रक्त प्यायला लागे. ज्याची पिशवी आधी रिकामी, तो हरला.

“दोन गुंजांत उठणारे हे मुंजे नि चकवे माझ्या काय कामाचे?” राजे म्हणाले. “वेताळाला बारा लागतात, बारा! उठला की एका दमात पाच थेंब पितो. त्याला म्हणतात भूत!”

“महाराज, डावात लहानमोठी सगळीच...”

“मला शिकवतोस? उद्यापासून कुंचला ठेव आणि हत्तीखान्याला चुना मार! हां, या चिल्लर भुतांनी कोणी मला एक डाव हरवलं, तर तुझा कुंचला तुझ्यापाशी. आहे कोणी?”

दरबारातला प्रत्येक जण आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघू लागला. राजांना आजवर कोणी हरवलंच नव्हतं.

आवडीचे ओठ हलले.

“काय पुटपुटली ती?” राजांनी विचारलं.

दिवाणांनी कान पुढे केला. “महाराज, ती म्हणते, मी खेळते.”

“गो बाय माझे, गप ऱ्हव!” बुधाजी कळवळला. “चुना मारीन मी. चुन्यानं काय होतंय?”

पण आवडी खाली बसून मुंजे गोळा करू लागली होती. त्यांची लाख वाळेपर्यंत तिनं घरी त्यांच्याशी किती डाव मांडले होते! आणि मघापासून तिनं एक गोष्ट हेरली होती. पानं बघताना राजांची नजर फक्त वेताळाच्या मिशांवर होती. गुंजांच्या पिशवीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

डाव सुरू झाला. दिवाण गुंजा मोजायला बसले.

पहिल्या पाळीला आवडीनं चार गुंजा टाकून दोन मुंजे उठवले. राजांनी चार गुंजा वेताळावर ठेवल्या. वेताळ घोरतच होता.

दुसऱ्या पाळीला दोन मुंजे राजांचे दोन थेंब प्यायले. आवडीनं आणखी दोन चकवे उठवले.

“डास चावताहेत, डास!” राजे हसले आणि वेताळाला आणखी चार गुंजा पाजल्या.

तिसऱ्या पाळीला चार डास चावले आणि दोन हडळी उठल्या. राजांनी वेताळाच्या उरलेल्या चार गुंजा टाकल्या आणि मांडीवर थाप मारली.

“उठला! उठला माझा वेताळ! आता पळ, पोरी!”

“महाराज,” दिवाण खाकरले, “पिशवीत बाराच...”

“पंत, तुम्ही मोजा. खेळायचं मी बघतो!”

मोठं भूत जागं असलं की समोरच्या एका लहानग्याला अडवे. चौथ्या पाळीला वेताळानं एका मुंज्याला अडवलं. उरलेली पाच मात्र मुकाट्यानं चावून आली. राजांच्या पिशवीत राहिले सात थेंब. आवडीनं आणखी दोन गिऱ्हे उठवले.

मग वेताळ आवडीचे पाच थेंब घटाघटा प्यायला. बुधाजीनं डोळे मिटले.

“कसं वाटतंय?” राजांनी मिशी पिळली. “आता ब्रह्मराक्षस उठवतो!” आणि त्यांनी धडाधड चार गुंजा ब्रह्मराक्षसावर ठेवल्या.

दिवाणांनी कपाळाला हात लावला.

पाचव्या पाळीला आवडीची आठ भुतं रांगेनं पुढे आली. वेताळानं एकाला अडवलं. सात उरली. राजांच्या पिशवीत गुंजा होत्या तीन!

राजांनी पिशवी उलटी केली, झटकली, आत डोकावून पाहिलं.

“चोरी! माझ्या तीस गुंजा या किड्यामुंग्या प्यायल्या? शक्यच नाही!”

“नाही प्यायल्या, महाराज,” आवडी म्हणाली. या वेळी तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. “माझी भुतं चौदाच प्यायली. सोळा तुमचीच भुतं प्यायली!”

“काय?”

“बारा वेताळ प्यायला, चार ब्रह्मराक्षस. आणि तो तर अजून झोपलेलाच आहे!”

“पण रक्त तूही पाजलंस की!”

“पाजलं ना. मीही सोळाच थेंब पाजले. पण तुमचा एक उठेपर्यंत माझी सहा उठली होती.”

राजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी मान डोलावली. “हिशेब चोख आहे, महाराज.”

राजांची मिशी थरथरली. बुधाजीला वाटलं, आता चुनाही नशिबात नाही! पण मिशीखालून आधी एक फुसकारा निघाला, मग खोकल्यासारखं काही, आणि मग राजे लोडावर कोसळून असे हसले की त्यांचा मंदील दिवाणांच्या मांडीवर पडला.

“माझ्याच वेताळानं मला खाल्लं! अरे बुधाजी, उचल तो कुंचला! आजच्या आज या वीर मुंज्यांना सोन्याची किनार लाव. एकूणएक पानाला!”

“नको महाराज!” आवडी घाईघाईनं म्हणाली. “सोनं लागलं की त्यांचा भाव वाढेल. मग दोन गुंजांत कोण उठेल?”

राजे पुन्हा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि आवडीच्या हातात घातलं.

“मग सोनं तुलाच शोभेल, पोरी. आणि बस अशी समोर. आता मुंजे माझे! पंत, वेताळ तुम्ही घ्या!”