म्हातारीला दिलेली शेगडी

ही गोष्ट खाडीकाठच्या एका गावाची. गाव नारळीच्या वाड्यांचं, हवा बाराही महिने उबदार, आणि माणसं सकाळी डोळे उघडले की आधी पाव मागणारी. त्या गावात इनास नावाचा एक पाववाला राहायचा. हाताने उदार, मनाने लोण्यासारखा, पण डोकं मात्र भट्टीच्या आधी तापायचं. चिडला की काय बोलतोय याचं भान नसायचं, आणि तासाभराने बघावं तर स्वतःच डोळे पुसत बसलेला. अशी माणसं तुमच्याही घरात असतील. उगाच एकमेकांकडे बघू नका, गोष्ट ऐका.

इनासच्या घरी चिनीमातीची एक जुनी बरणी होती आणि तिच्यात होतं खमीर. पाव फुगतो तो या खमिरामुळे. खमीर म्हणजे पिठात राहणारे बारीक बारीक जीव, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना पीठ खायला घालायचं, पाणी पाजायचं, की ते बुडबुडे सोडतात आणि पीठ वर चढतं. इनासच्या पणजोबाने नारळाच्या ताज्या माडीत पीठ कालवून हे खमीर धरलं होतं, आणि चार पिढ्या ते या घरात खाऊनपिऊन जगत होतं. म्हणून सगळे लाडाने त्याला म्हातारी म्हणायचे. "म्हातारी जेवली का?" "म्हातारी आज रुसलीय वाटतं!" नव्या पाहुण्याला वाटायचं, आतल्या खोलीत कुणी आजी निजली आहे.

त्या घराण्याची एक रीत होती. मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्याबरोबर म्हातारीचा एक गोळा द्यायचा. इनासची एकुलती एक लेक फिलू. तिचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. सासर खाडीपलीकडच्या बेटावर, तिथे पाव करणारं एकही घर नाही. फिलूने तिकडे स्वतःची भट्टी घालायचं ठरवलं होतं, आणि होणाऱ्या नवऱ्याने हौसेने विटासुद्धा रचून ठेवल्या होत्या.

"बाबा, एखादी साडी कमी दिलीत तरी चालेल," ती बापाच्या गळ्यात पडून म्हणायची. "पण म्हातारीचा गोळा चांगला मोठा द्या हं."

"अगं, अर्धी म्हातारीच देतो तुला!" इनास म्हणायचा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी पडली. खाडीकाठाला कधी माहीत नसलेली थंडी. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे दात वाजायला लागले, कोंबड्या चुलीपाशी येऊन बसल्या. इनासने बरणी उघडली तर म्हातारी गप्प. एरवी तासाभरात फसफसून झाकण ढकलणारी, आज जेमतेम दोन बुडबुडे.

"थंडी आहे, म्हणून सावकाश चाललंय तिचं," फिलूची आई मळ्याकडे निघताना म्हणाली. "दुपारपर्यंत थांबा ना जरा."

पण थांबेल तो इनास कसला! त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. चार पिढ्यांची म्हातारी, थंडीने कुडकुडतेय, आणि आपण नुसतं बघत बसायचं? घरातली म्हातारी गारठली तर आपण काय करतो? शेक देतो. इनासनेही तेच केलं. बरणी दोन गोधड्यांत गुंडाळली. बाळंतिणीला निजवतात तशी बाजेवर ठेवली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून झाकण उघडून तांब्याभर कढत पाणी आत ओतलं.

"पी बाई, पी," तो म्हणाला. "आत्ता बरं वाटेल बघ."

बायको मळ्यातून येऊन बघते तो काय, गोधडीतून वाफ येतेय. तिने धावत जाऊन बरणी उघडली. आत एकही बुडबुडा नव्हता. आंबूस गोड वासही नव्हता. वास येत होता शिजलेल्या खळीचा.

"अहो, काय केलंत हे!" ती ओरडली. "मेली हो म्हातारी. उकडून मेली."

इनासने ताजं पीठ घालून बघितलं, हलवून बघितलं, हाका मारून बघितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही बरणीतलं पीठ थिजल्यासारखं पडून होतं. फिलूने बरणीवर हात फिरवला आणि परसात निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं इनासला वाटलं.

"नवं खमीर धरू या, माडी आणतो," तो म्हणाला.

"ते रुळायला दोन महिने लागतात. लग्न चार दिवसांवर आलंय." बायकोने पदराने डोळे टिपले. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "एक गोळा घाटावर आहे. असला तर."

घाटावर राहायचा पास्कू, इनासचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी दोघे एकाच भट्टीवर पाव करायचे. पास्कू शांत, पीठ चढेपर्यंत गुणगुणत बसणारा. एका सणाच्या सकाळी पावाला उशीर झाला, दारात अख्खा गाव उभा, आणि इनासचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत तो ओरडला, "तुझ्यासारख्या मढ्याच्या हातून कधी काही व्हायचं नाही! माझ्या भट्टीवर पाऊल ठेवू नकोस!" पास्कूने हात धुतले, म्हातारीचा मूठभर गोळा घेतला आणि घाट चढून निघून गेला. तेव्हापासून दोघांत अबोला.

"मी नाही जायचो," इनास म्हणाला.

"नका जाऊ. मग पोरीला रिकाम्या हाताने पाठवा."

इनासने मुकाट्याने वहाणा चढवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पास्कूच्या दारात पोचला. तिकडे इतकी थंडी की बोलताना तोंडातून धूर निघावा. पास्कू अंगणात बटाटे निवडत होता. भावाला बघून तो उठला. दोघे समोरासमोर उभे राहिले. शेवटी पास्कूच म्हणाला, "दादा, पाणी घे."

पाणी पिऊन इनासने एका दमात सगळं सांगून टाकलं. "मी तिला मारलं रे, पास्कू. ऊब द्यायला गेलो आणि उकडून मारलं. तुझ्याकडची आहे का?"

पास्कू मागच्या अंधाऱ्या कोठीत गेला आणि दगडी कोनाड्यातून एक मडकं घेऊन आला. इनासने झाकण काढून आत बघितलं. वर राखाडी पाणी साचलेलं, खाली पीठ बसलेलं, बुडबुडा औषधालाही नाही, आणि मडकं बर्फासारखं गार.

"पाव करतोस का तू?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग हिला खायला?"

"महिन्यातून एकदा मूठभर घालतो. घरातल्या म्हातारीला उपाशी कसं ठेवायचं?"

महिन्यातून एकदा! इनासच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. तोच जुना शब्द जिभेवर आला. ओठसुद्धा उघडले. पण डोळ्यांपुढे उभी राहिली गोधडीतून येणारी वाफ, आणि परसात पाठमोरी गेलेली फिलू. त्याने ओठ मिटले, शब्द गिळला, आणि म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. तू सांगशील तसं करू."

पास्कूने वरचं पाणी ओतून टाकलं. चुलीवर पाणी गरम केलं, त्यात गार पाणी मिसळलं आणि त्यात कोपर बुडवलं.

"तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतो ना, तेवढंच कोमट," तो म्हणाला. "तू पण बघ."

इनासनेही कोपर बुडवलं. मग पास्कूने चमचाभर पीठ आणि ते पाणी घालून मडकं ढवळलं, घोंगडीच्या एका पदरात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसला. चुलीपासून चांगलं चार हात लांब.

"चुलीजवळ सरकू या का?" इनासने विचारलं.

"नको."

थोड्या वेळाने, "निदान वर अजून एक घोंगडी?"

"दादा, अरे ती मेलेली नाही, झोपलीय. थंडीत ती झोपते, एवढंच. झोपलेलीला उठवता येतं. भाजलेलीला नाही."

इनासने दोन्ही हात काखेत दाबून धरले, कारण हात काही ऐकत नव्हते. आता वाट बघायची म्हटल्यावर करणार काय? बोलायला लागले. आधी पावसापाण्याचं, मग गुडघेदुखीचं, मग लहानपणी आईच्या नजरेआड कच्चं पीठ खाऊन दोघांची पोटं फुगली होती त्याचं. हसता हसता इनासने विषय काढला.

"पास्कू, त्या दिवशी मी बोललो ते..."

"हं."

"फार लागलं का रे?"

"लागलं," पास्कू म्हणाला. "तेव्हापासून पिठाला हात लावला की तेच ऐकू येतं. म्हणून पाव केला नाही कधी."

"आता कर. फिलूच्या लग्नाचे पाव तूच कर, सगळ्यांसमोर."

पास्कूने मान हलवली. "नाही दादा. मी लग्नाला येईन. तुझ्या पंगतीला बसेन. वहिनीच्या हातचं पोटभर जेवेन. पण पाव माझ्याकडून आता होणार नाहीत. तेवढं जळून गेलं."

इनास भावाच्या शेजारी नुसता बसून राहिला. उन्हं कलली तेव्हा पास्कूने मडक्याला कान लावला, मग ते इनासच्या कानाशी धरलं. आत बारीकसा आवाज आला, पुट्. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. इनास लहान मुलासारखा रडला. सकाळ झाली तेव्हा म्हातारी मडक्याच्या गळ्यापर्यंत चढून आली होती.

दोघे भाऊ घाट उतरले. मडकं पाळीपाळीने दोघांच्या कडेवर. लग्नाच्या दिवशीही गावात गारठा होताच, आणि पीठ आपल्या चालीनेच चढत होतं. जेवणाला दीड तास उशीर झाला. व्याही कुरकुरले, मामा ओरडले, पोरं रडली. "अहो इनास, भट्टी पेटवा की!" सगळे म्हणत होते. इनास पिठाच्या काथवटीपुढे मांडी घालून बसला होता. "थांबा," तो म्हणाला. "मीही थांबलोय." त्याच्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

पाव आले ते असे मऊ, असे फुगलेले, की कुरकुरणारे मामा चौथा पाव मागायला लागले.

पाठवणीच्या वेळी फिलूच्या हातात नवी बरणी आली. इनासने ती स्वतः दिली नाही. सगळा गाव दारात उभा होता. त्याने पास्कूला हाताला धरून पुढे आणलं आणि मोठ्याने म्हणाला, "पोरी, आपली म्हातारी मी माझ्या हाताने मारली. तुझ्या काकाने ती बारा वर्षं जपली, मी त्याला हाकलून दिलं होतं तरीही. त्याच्या हातून घे."

पास्कूने बरणी पुतणीच्या ओटीत ठेवली.

"काका, हिला सांभाळू कशी?" फिलूने विचारलं.

"संसाराच्या गडबडीत थोडे दिवस विसरलीस तरी रागावणार नाही ती," पास्कू म्हणाला. "कोमट पाणी दे, आपणहून उठेल. पण कढत पाणी कधी ओतू नकोस बाई, प्रेमाने सुद्धा नको. मग ती परत येत नाही."

इनास तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि मान खाली घातली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: गारठलेली माया झोपलेली असते, कोमट शब्दाने ती जागी होते. पण कढत शब्दाने भाजलेलं मन, पुढे कितीही शेकलंत तरी, पहिल्यासारखं फुगत नाही. म्हणून बोलण्याआधी शब्दाला एकदा कोपर लावून बघावं.